दोन वाजून दहाची खूण

पाळणाघरात बाळ घालायला आलेल्या आईबापांना पाटीमावशी आधी खोली दाखवत नसत, पाटी दाखवत. शाळेतल्या पोरांची असते तशी लाकडी चौकटीची काळी पाटी. तिच्यावर पांढऱ्या तैलरंगाने कायमचे आखलेले रकाने. आडव्या ओळींना वेळ, दर दहा मिनिटांची. उभ्या रकान्यांना खाटांचे आकडे, एक ते सात. दुपारी एकला बाळं झोपली की दर दहा मिनिटांनी मावशी सातही खाटांवरून फिरत. बाळ उताणं आहे का, नाकतोंड मोकळं आहे का, छाती वरखाली होते का, ते बघायचं. मग मानेमागे दोन बोटं घालून घाम आलाय का ते चाचपायचं. एवढं झालं की त्या खाटेच्या रकान्यात खडूची एक तिरपी खूण. खूण केल्याशिवाय पुढच्या खाटेकडे पाऊल टाकायचं नाही. सव्वीस वर्षं हे चाललं होतं. त्यांचं खरं नाव काय, हे पाळणाघराच्या मालकीणबाईंनाही जरा आठवावं लागे.

“आम्ही इथे पाट्या टाकत नाही, पाटी भरतो,” हा मावशींचा ठरलेला विनोद. नवे आईबाप त्यावर हसत, आणि ते हसत असतानाच मावशींचा हात त्यांच्या पिशवीत गेलेला असे.

उशी बाहेर. गुबगुबीत दुलई बाहेर. बटणाच्या डोळ्यांचा कापडी ससा, तोही बाहेर. खाटेवर कडक सपाट गादी, तिच्यावर ताणून खोचलेली चादर, आणि त्यावर बाळ. चौथी वस्तू नाही.

“अहो, पण ह्या सशाशिवाय ती झोपतच नाही,” असं एखादा बाप म्हणे.

“सशाशिवाय झोपली नाही तर रडेल,” मावशी म्हणत. “ससा नाकावर घेऊन झोपली तर रडणारही नाही.”

मावशींच्या जिभेला हाड नव्हतं. एकदा एक आजोबा तावातावाने सांगायला आले, की आम्ही आमची पाचही पोरं पालथी झोपवून वाढवली, काही झालं नाही. मावशींनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुमची वाढली, म्हणून तुम्ही सांगायला आलात. ज्यांचं वाढलं नाही, ते असं सांगत फिरत नाहीत.” आजोबांची नात सहा महिने तिथे उताणी झोपली.

पिशव्यांमधून जप्त झालेलं सामान कोपऱ्यातल्या कपाटात जाई. संध्याकाळच्या घाईत आईबाप ते न्यायला विसरत, आणि वर्षानुवर्षं ते कपाट मऊ मऊ वस्तूंनी भरत गेलं. त्यातली एक निळी उशी पुढे गोष्टीत येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आता एवढा काच कशासाठी, असं कोणालाही वाटेल. मावशींनी ते कोणाला सांगितलं नाही, पण कारण होतं. पस्तिशीच्या असताना त्या ह्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, एका वेगळ्या पाळणाघरात कामाला होत्या. एका दुपारी त्यांची पाळी संपली, त्या घरी निघाल्या, आणि अर्ध्या वाटेत आठवलं की डबा वरच राहिला. परत आल्या तर जिन्याच्या पायरीवर त्यांच्या जागी आलेली बाई बसलेली. वरून कोणाचा तरी आवाज येत होता, तो मावशींना आधी माणसाचा वाटलाच नाही. ती बाई आपल्या दोन्ही हातांकडे बघत एकच वाक्य म्हणत होती.

“आत्ताच तर बघितलं होतं.”

पोलीस आले, त्यांनाही ती तेच म्हणाली. झोपेत गुदमरून गेलेल्या बाळाच्या आईला तेच म्हणाली. ऐकायला कोणी उरलं नाही तेव्हा भिंतीला म्हणाली. लोकांना वाटलं, खोटं बोलतेय, कातडी वाचवतेय. मावशी तिच्याजवळ बसल्या होत्या, त्यांना कळलं होतं की ती खोटं बोलत नाही. तिला खरोखरच वाटत होतं की आपण आत्ताच बघितलं. रोज तीच खोली, तीच खाट, तेच बाळ. कालचं बघणं, परवाचं बघणं आणि आजचं बघणं डोक्यात एकमेकांत मिसळून जातं, आणि पाऊण तासापूर्वीची गोष्ट ‘आत्ताची’ होऊन बसते. मावशींनी तेव्हाच कानाला खडा लावला. आपल्या डोक्यावर विश्वास ठेवायचा नाही, डोळ्यांसमोर खूण हवी. पुढच्याच आठवड्यात त्यांनी दुकानातून पाटी आणली.

आणि खूण कधी खोटी पडली नाही. सव्वीस वर्षं मावशी पाठ नसलेल्या लाकडी स्टुलावर बसल्या, कारण पाठ टेकली की डोळा लागतो हे त्यांना ठाऊक होतं. खोलीत फार ऊब होऊ देत नसत, बाळांसाठीही आणि स्वतःसाठीही. डोळ्यांत तेल घालून जपणं म्हणतात, ते त्यांनी खरं करून दाखवलं. त्या रस्त्यावर चालणारी, शाळेत जाणारी, आता लग्नं झालेली कितीतरी माणसं अशी आहेत, जी कधीकाळी त्यांच्या दोन बोटांखाली घाम पुसून झोपली होती.

मग एकसष्टावं वर्ष लागलं, आणि एकेक गोष्ट ढिली होत गेली.

आधी पाठ गेली. वाकून वाकून कणा असा धरला की स्टुलावरून उठताना मावशी भिंतीचा आधार घेऊ लागल्या. मालकीणबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या मनाने खरंच मोठ्या. त्यांनी न विचारता घरची हातांची खुर्ची आणून ठेवली आणि स्टूल माळ्यावर टाकलं. “नको हो,” मावशी म्हणाल्या खऱ्या, पण बसल्यावर बरं वाटलं. दोन दिवसांनी कपाट उघडून त्यांनी ती निळी उशी काढली आणि पाठीला घेतली. बाळांच्या डोक्याखालून काढलेली उशी. त्यांना हसू आलं होतं तेव्हा.

घरी नवऱ्याची छाती बिघडली होती. आयुष्यभर छापखान्यात काढलेला तो माणूस रात्री झोपेत मध्येच श्वास घ्यायचा थांबे. चार मोजेपर्यंत, कधी नऊ मोजेपर्यंत. मावशी शेजारी पडून मोजत. त्यांना मोजल्यावाचून राहवत नसे. ऐकायची सवय अशी संध्याकाळी पाच वाजता काढून खुंटीला टांगता येत नाही.

“झोप गं तू,” नवरा म्हणे. “मी मेलो की उठवतो तुला.”

“तोंड बघा,” मावशी म्हणत, आणि पुन्हा मोजत.

अशी रात्रीची गेलेली झोप दिवसा वसुलीला येतेच. पहिल्यांदा ते झालं तेव्हा पाटीवर एक चाळीसच्या ओळीत सात खुणा होत्या आणि भिंतीवरच्या घड्याळात एक छत्तीस झाले होते. मावशींना वाटलं, घड्याळ मागे पडलं. त्यांनी नवा सेल आणून घातला. दुसऱ्यांदा त्या चौथ्या खाटेजवळ उभ्या होत्या, हातात खडू होता, आणि आपण खुर्चीतून उठून इथवर कधी आलो हे काही केल्या आठवेना. मागच्या तिन्ही खाटांच्या खुणा मात्र झालेल्या. नेहमीसारख्याच तिरप्या, नेहमीसारख्याच नीटस.

त्या दिवशी त्या घाबरल्या. पण सांगायचं कोणाला? पाटीमावशीला डुलक्या लागतात, हे पाटीमावशीने कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांनी दुपारचा चहा आणखी कडक केला. तोंडावर पाणी मारलं. उशी मात्र काढली नाही. ही त्यांची चूक, आणि ती इथे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

सहाव्या खाटेवरचं बाळ साडेचार महिन्यांचं होतं. झोपेत दचकून दोन्ही मुठी वर करायचं, म्हणून मावशी त्याला मुठ्या म्हणत. त्याची आई शहराची बस चालवायची. सकाळी गणवेशातच यायची, खाली बस उभी करून आल्यासारखी घाईत. मुठ्या दचकून उठतो म्हणून त्याला पातळ सुती कापडात सैलसर गुंडाळून उताणं ठेवायचं, असं ठरलं होतं. पण मावशींची अट होती: कूस वळायला लागला की गुंडाळणं बंद. हात बांधलेलं पोर पालथं झालं तर त्याला मान वळवायला, उठायला हातच नसतात.

त्या दिवशी सकाळी बसवाली दारातूनच ओरडली, “मावशी, काल पालथा झाला! पहिल्यांदाच! मी नुसती बघत राहिले.”

“अरे वा, मोठा झाला की,” मावशींनी मुठ्याला घेतलं आणि लगेच बजावलं, “मग आजपासून गुंडाळायचं नाही हं. घरीही नाही. दोन दिवस रडेल, रडू दे.”

“बरं. तुम्ही म्हणाल तसं.”

हे बोलणं सकाळी आठला झालं. मावशींनी ते मनापासून सांगितलं होतं, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. दुपारी एकला त्यांनी मुठ्याला दूध पाजून सहाव्या खाटेवर ठेवलं, कापड पसरलं, उजवी बाजू डावीकडे, डावी बाजू उजवीकडे, खालचं टोक वर. दीड महिना रोज हेच केलेले हात. हातांना कोणी सांगितलंच नव्हतं.

एक वीस, एक तीस, एक चाळीस. खोली शांत होती. बाहेरच्या खोलीत मोठ्या बाई चालत्या मुलांना गोष्ट सांगत होत्या, तिचा नुसता सूर दारातून येत होता. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ आली होती, ती खुर्चीच्या पायापाशी होती. मावशींनी पाठ उशीला टेकली. आदल्या रात्री नवऱ्याचा श्वास अकरा मोजेपर्यंत थांबला होता.

दुसऱ्या खाटेवरच्या मुलीचं नाव त्यांनी भोंगा ठेवलं होतं. ती उठली की सगळं घर उठवायची, आणि तिच्यामुळे मावशी रोज वैतागायच्या. त्या दुपारी भोंगा वाजला आणि मावशी खाडकन जाग्या झाल्या. उन्हाची रेघ गुडघ्यावर चढली होती. त्या भिंत धरून उठल्या, भोंग्याला उचललं, खांद्यावर थोपटलं. डोळे सवयीने खाटांवरून फिरले. तीन, चार, पाच. प्रत्येक चेहऱ्यावर नाक मोकळं, तोंड मोकळं. सहा.

सहाव्या खाटेवर चेहरा नव्हता. केस होते.

मावशींनी भोंग्याला कुठे ठेवलं ते त्यांना आजही आठवत नाही. मुठ्या पालथा होता, हात कापडात आत अडकलेले, नाक सरळ गादीत. त्यांनी त्याला उलटवला. ओठांचा रंग जांभळट झाला होता. गालावर चादरीच्या शिवणीचा वळ उमटला होता. मूठ नाही, दचकणं नाही, काही नाही. मावशींनी कापड ओरबाडून काढलं, तळपायावर टिचक्या मारल्या, पाठ जोराने चोळली, आणि त्याच्या नावाने नव्हे, मुठ्या म्हणूनही नव्हे, नुसत्या “ए, ए, ए” असं ओरडल्या. त्या मोजत होत्या. चार झाले. पाच झाले. सहाव्याला त्याच्या छातीत काहीतरी हिसका बसला, तोंड उघडलं, आणि मग तो असा रडला की बाहेरची गोष्ट थांबली.

मोठ्या बाई धावत आल्या. त्यांनी पोराकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“मावशी, काय झालं? बघितलं होतं ना तुम्ही?”

“आत्ताच तर बघितलं होतं,” मावशी म्हणाल्या.

म्हणाल्या आणि त्यांनी ते वाक्य ऐकलं. सव्वीस वर्षांनी, त्याच सुरात, स्वतःच्या तोंडून. त्यांनी वळून पाटीकडे पाहिलं. एक पन्नासच्या ओळीत सात खुणा होत्या. दोनच्या ओळीत सात. दोन वाजून दहाच्या ओळीतही सात, आणि सहाव्या रकान्यातली खूण इतर सगळ्यांइतकीच ठळक. घड्याळात दोन वाजून आठ मिनिटं झाली होती.

त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना खडू लागलेला होता.

खालच्या मजल्यावर दवाखाना होता. तिथले डॉक्टर वर आले, त्यांनी छाती ऐकली, डोळ्यांत उजेड मारून पाहिला, आणि एक रात्र रुग्णालयात नजरेखाली ठेवायला सांगितलं. “काळ आला होता, वेळ आली नव्हती,” असं म्हणून ते खाली गेले. डॉक्टर लोक असं म्हणून जाऊ शकतात.

बसवाली येईपर्यंत मोठ्या बाई मावशींजवळ बसल्या. “हे बघा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “झोपेत पालथा झाला आणि तुम्ही उचलला, एवढंच सांगू या. खोटं तर नाही ना त्यात काही? सव्वीस वर्षांत एक ओरखडा नाही तुमच्या हातून. एका दुपारपायी सगळं मातीत घालायचं का?”

त्यात खोटं काहीच नव्हतं, हे खरं. मावशींना ते हवंसंही वाटलं. त्या काही संत नव्हत्या. दहा मिनिटं मावशींनी ते वाक्य मनात घोळवलं. मग बसवाली जिना चढून आली, टोपी हातात, तोंड पांढरंफटक, आणि मावशींनी तिच्या हातात पोराआधी पाटी दिली.

“ह्याला मी गुंडाळलं,” त्या म्हणाल्या. “सकाळी तुला नको म्हणून सांगितलं आणि दुपारी मीच गुंडाळलं. मग मला झोप लागली. ह्या खुणा मी झोपेत केल्या आहेत. तो किती वेळ पालथा होता ते मला माहीत नाही. दुसऱ्या खाटेवरची पोरगी रडली म्हणून तो आहे. माझ्यामुळे नाही.”

बसवालीने पाटी वाचली. घड्याळाकडे पाहिलं. तिने पाटी खाली ठेवली, मुठ्याला छातीशी घेतलं आणि निघून गेली. जिन्यावर तिच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मावशी घरी गेल्या. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो नेहमीसारखा विनोद करील असं वाटलं होतं, त्याने केला नाही. त्याने फक्त म्हटलं, “माझ्यामुळे जागतेस तू.” मावशींना त्याचा रागही आला आणि रडूही आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मावशी पाळणाघरात होत्या. मोठ्या बाईंनी त्यांना येऊ नका म्हटलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. खुर्ची तिथेच होती, उशीही. पाटी पुसून कोरी करून ठेवली होती. एकेक आईबाप आले, कोणाला काही ठाऊक होतं, कोणाला नव्हतं, आणि सगळ्यांनी रोजच्यासारखं हसून बाळं आत पाठवली. मावशी दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. त्यांनी एकही बाळ हातात घेतलं नव्हतं, पण गर्दीत ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग जिन्यावर बूट वाजले. बसवाली आली, गणवेशात, कडेवर मुठ्या. त्याच्या गालावरचा वळ गेला होता. ती मावशींसमोर येऊन उभी राहिली.

“मी दोन रात्री विचार केला,” ती म्हणाली. “दुसरं कोणी असतं तर लपवलं असतं. मला आयुष्यात कळलं नसतं. तुम्ही तोंडावर सांगितलंत. आता माझा जेवढा तुमच्यावर विश्वास आहे ना मावशी, तेवढा कोणावरच नाही.” आणि तिने मुठ्याला पुढे केलं.

मुठ्याने ओळखून हात उचलले. सव्वीस वर्षांत असं पुढे आलेलं बाळ मावशींनी कधी हवेत राहू दिलं नव्हतं. त्यांचे हात आपोआप वर आलेही. त्यांनी ते आपल्याच डोळ्यांनी पाहिले, आणि जिन्यावरची ती बाई बघत बसली होती तसे बघितले. मग दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“अहो, पण मग कोणाकडे देऊ?”

“जिला माझ्याइतकी सवय नाही तिच्याकडे.”

मुठ्या हात पुढे करून तसाच तिच्या कडेवरून वाकला होता, आणि मावशी त्याच्याकडे बघत नव्हत्या. शेवटी मोठ्या बाईच पुढे झाल्या. त्यांनी मुठ्याला घेतलं, जरा अवघडूनच, कारण बाळं घ्यायची सवय त्यांना राहिली नव्हती.

दुपारी एकला मोठ्या बाईंनी माळ्यावरून स्टूल काढलं. सातही बाळं उताणी ठेवली, कापड कोणाला गुंडाळलं नाही. मुठ्या हात मोकळे म्हणून दचकला, रडला, पुन्हा दचकला, शेवटी झोपला. मावशी दाराबाहेर उभ्या राहून बघत होत्या. मोठ्या बाई सहाव्या खाटेपाशी गेल्या, खाली वाकल्या, छातीकडे बघितलं, नाकापाशी बोट धरलं. पुढे गेल्या आणि खात्री वाटेना म्हणून परत आल्या. पुन्हा वाकल्या. असं तीनदा झालं. घाबरलेल्या माणसाचं बघणं होतं ते, आणि त्या नादात पाटीवर खूण करायचं त्या विसरून गेल्या.

मावशींनी त्यांना आठवण केली नाही.